चर्चशी भांडल्या, चर्चपासून हजारो मैल लांब गेल्या, तरी पंडिता रमाबाईंनी ‘आजीबाई’ला पत्र लिहिणं सोडलं नाही

आज गाव सोडलेला माणूस आपल्या चर्चची रविवारची प्रार्थना मोबाईलवर बघू शकतो. अक्कलकुव्याहून ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबालाही हे शक्य आहे.

पण १४० वर्षांपूर्वी काय होतं?

तेव्हा होतं फक्त पत्र. समुद्रापार जायचं तर पोहोचायलाच काही आठवडे. त्या पत्रांवर एक नातं कसं टिकलं, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी देश फिरत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. दोनच वर्षांत पती वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. रमाबाई पुण्यात आल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला.

डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण जमलं नाही. वाँटेज नावाच्या छोट्या गावात सेंट मेरीच्या सिस्टर्सचा मठ होता. याच सिस्टर्स पुण्यातही काम करायच्या. त्यांनी रमाबाईंना आसरा दिला. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि मनोरमा यांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला.

इथे त्यांना सिस्टर जेराल्डिन भेटल्या. रमाबाई त्यांना आपली धर्ममाता मानायच्या आणि पत्रात ‘आजीबाई’ म्हणायच्या.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. वाँटेज सुटलं आणि पत्रं सुरू झाली.

आता ही पत्रं म्हणजे नुसती ख्यालीखुशाली असेल, असं वाटेल. तसं नव्हतं. त्यात जोरदार वाद होते.

क्रॉसवर लॅटिन शब्द का? रमाबाईंचं म्हणणं होतं की ही भाषा त्यांचीही नाही आणि त्यांच्या लोकांचीही नाही, मग तिथे संस्कृत का नको? ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, त्यावरूनही कुरबुर झाली. कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं भारतातल्या बिशपांनी कळवलं. कलकत्त्यात पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये बोललेल्या बाईला हे कसं पटावं?

सगळ्यात मोठा वाद श्रद्धेचा होता. चर्चचा प्रत्येक सिद्धांत चर्च सांगतं म्हणून मानायचा का? रमाबाईंचं उत्तर होतं, नाही. देवावर विश्वास ठेवला म्हणजे विवेक कुणाच्या हाती दिला, असं त्यांना मान्य नव्हतं. मनोरमाला धर्म कसा शिकवायचा, यावरूनही दोघींची जुंपली. जेराल्डिनना रमाबाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटायच्या. तसं त्या स्पष्ट लिहायच्यासुद्धा.

अशा ठिकाणी नातं तुटतं. इथे ते ताणलं गेलं, पण तुटलं नाही.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी ठिकठिकाणी भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं मदतीचं वचन मिळालं. आता त्या कुठल्याच एका पंथाच्या राहिल्या नव्हत्या. तरी वाँटेजला पत्रं जातच होती.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मग त्यांनी स्वतः दूरदूरच्या माणसांना जोडून ठेवलं. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून मिशनच्या बातम्या देशोदेशी प्रार्थना करणाऱ्या आणि पैसे पाठवणाऱ्या लोकांपर्यंत जायच्या.

शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात गेली. क्रॉसवर लॅटिन नको म्हणणाऱ्या बाईने केडगावच्या मुलींना कळेल अशा भाषेत सगळा ग्रंथ आणला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या.

आणि ती पत्रं?

ज्या जेराल्डिन त्यांच्याशी भांडत होत्या, त्यांनीच ती जपून ठेवली होती. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपात छापली. संपादक होते अ. भि. शहा.

म्हणून आज आपल्याला दोघींचे वाद वाचता येतात. लांब राहून जोडलेलं राहायचं तर सगळं पटलंच पाहिजे असं नाही. न पटलेलंही लिहून पाठवायचं आणि समोरच्याने ते टाकून द्यायचं नाही. या दोघींनी एवढंच केलं.