विश्लेषण : ‘डबल आयलिड’ शस्त्रक्रिया ही दुरुस्ती की सौंदर्यसाधना? सर हॅरॉल्ड गिलीज यांचे आयुष्य काय सांगते?

कोरियन मालिका आणि पॉप गायकांमुळे ‘डबल आयलिड’ हा शब्द आपल्याकडच्या तरुणांच्याही कानावर पडू लागला आहे. वरच्या पापणीवर घडी तयार करणारी ही शस्त्रक्रिया पूर्व आशियात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्य शस्त्रक्रियांपैकी एक आहे. निरोगी पापणीवर सुरी चालवावी का, हा प्रश्न मात्र जुना आहे. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या कारकीर्दीत पापणीच्या शस्त्रक्रियेची दोन्ही टोके दिसतात.

‘डबल आयलिड’ म्हणजे नेमके काय?

डोळा उघडताना वरची पापणी एका स्नायूमुळे उचलली जाते. ज्यांच्यात या स्नायूचे तंतू पापणीच्या त्वचेपर्यंत पोहोचतात, त्यांच्या पापणीवर घडी पडते. पूर्व आशियातील बऱ्याच लोकांमध्ये हे तंतू त्वचेला जोडलेले नसतात आणि चरबीचा थरही थोडा खाली उतरलेला असतो. त्यामुळे पापणी सपाट दिसते. हा आजार किंवा व्यंग नव्हे. शस्त्रक्रियेत त्वचा आणि आतील स्नायू यांच्यात टाक्यांनी किंवा छेद देऊन कृत्रिम जोड तयार केला जातो. जपानी डॉक्टर मिकामो यांनी १८९६ मध्ये तिची पहिली ज्ञात नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्ण महिलेच्या एकाच पापणीवर घडी नव्हती. रेशमी टाके घालून त्यांनी दोन्ही डोळे सारखे केले.

हॅरॉल्ड गिलीज कोण होते?

गिलीज यांचा जन्म १८८२ मध्ये न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये आले. १९०४ च्या प्रसिद्ध ऑक्सफर्ड-केंब्रिज नौका शर्यतीत ते केंब्रिजकडून उतरले होते. गोल्फमध्येही त्यांचे नाव होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते कान-नाक-घसातज्ज्ञ झाले. पहिले महायुद्ध झाले नसते, तर लंडनमध्ये त्यांचा व्यवसाय निवांत चालला असता.

१९१५ मध्ये ते लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्सला गेले. जबड्याच्या जखमांवर काम करणारे दंतवैद्य शार्ल वालादिए यांचे काम त्यांनी तिथे पाहिले. पॅरिसमध्ये शल्यविशारद इपोलित मोरेस्तँ यांची शस्त्रक्रिया पाहून ते भारावले. खंदकातून डोके वर काढताच गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा चेहऱ्यावर बसे. जीव वाचे, पण नाक, जबडा, गाल जाई. अशा जवानांसाठी वेगळा विभाग हवा, हे त्यांनी लष्कराच्या गळी उतरवले. १९१६ च्या सुरुवातीला ऑल्डरशॉट येथे तो सुरू झाला. त्याच वर्षी सोमच्या लढाईनंतर दोनशे रुग्णांची तयारी असताना सुमारे दोन हजार जखमी येऊन धडकले. जागा अपुरी पडली आणि १९१७ मध्ये सिडकप येथे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. तिथे पाच हजारांहून अधिक जवानांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

पापणी नसेल तर काय होते?

१९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत वॉल्टर यो या नौसैनिकाचा चेहरा भाजला आणि वरच्या-खालच्या पापण्या नष्ट झाल्या. पापणी ही डोळ्याची झडप असते. ती मिटत नसेल तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि दृष्टी जाऊ शकते. गिलीज यांनी १९१७ मध्ये यो यांच्या छातीवरील त्वचा मुखवट्यासारखी उचलून चेहऱ्यावर आणि पापण्यांच्या जागी बसवली.

भाजल्यानंतर व्रण आकसून पापणी बाहेरच्या बाजूला उलटते. त्यावरही गिलीज यांनी तोडगा काढला. व्रण कापून पापणी मोकळी करायची, त्या जागेच्या मापाचा साचा घ्यायचा, त्यावर पातळ त्वचा गुंडाळून तो जखमेत टाक्यांनी बसवायचा. त्वचा रुजली की साचा काढायचा. मग पापणी पुन्हा मिटू शके.

या कामाचा पुण्याशी काय संबंध?

कपाळावरची त्वचा खाली वळवून नाक घडवण्याची पद्धत गिलीज यांच्या काळात जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली जाई. तिची युरोपला ठळक ओळख झाली ती पुण्यातून. टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले होते. पुणे परिसरातील एका स्थानिक कारागिराने ते नव्याने घडवले. त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली. गिलीज आणि त्यांच्या समकालीनांनी याच परंपरेत भर घातली.

सौंदर्य शस्त्रक्रियेबद्दल त्यांची भूमिका काय होती?

युद्ध संपल्यावर जखमी जवान कमी झाले. खासगी व्यवसायात गिलीज यांच्याकडे नाकाचा आकार बदलू पाहणारे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या किंवा डोळ्यांखालच्या पिशव्या काढू पाहणारे लोक येऊ लागले. त्यांनी ही कामे नाकारली नाहीत. १९३० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांनी दोन प्रकारच्या कामांत साधा फरक केला. हरवलेले सामान्य रूप परत आणण्याचा प्रयत्न म्हणजे पुनर्रचना. सामान्याच्याही पुढे जाण्याचा प्रयत्न म्हणजे सौंदर्य शस्त्रक्रिया. पण सामान्य कोणते, हे ठरवायचे कोणी?

त्यांच्या शिष्याने कोरियात काय केले?

दुसऱ्या महायुद्धानंतर राल्फ मिलार्ड हे अमेरिकी डॉक्टर गिलीज यांच्याकडे शिकायला आले. पुढे ते अमेरिकी नौदल सैनिकांसोबत युद्धोत्तर कोरियात गेले. दुभंगलेले ओठ सांधण्याची त्यांची जगप्रसिद्ध पद्धत याच काळात आकाराला आली. त्याच मुक्कामात एका कोरियन दुभाष्याने आपले डोळे पाश्चात्त्य लोकांसारखे करून मागितले आणि मिलार्ड यांनी ते केले. १९५५ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. पाश्चात्त्य चेहरा हाच नमुना मानल्याबद्दल त्यावर आजही टीका होते. दुसरीकडे, पूर्व आशियातील अनेकांच्या पापणीवर जन्मतः घडी असतेच. त्यामुळे ही शस्त्रक्रिया करून घेणारी प्रत्येक व्यक्ती परकी दिसू पाहते, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. आजचे अनेक शल्यविशारद मूळ चेहरेपट्टी राखूनच घडी घालतात.

गुरू-शिष्यांनी मिळून लिहिलेला प्लास्टिक सर्जरीवरील दोन खंडांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १९६० मध्ये एका १८ वर्षांच्या मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असताना गिलीज यांना मेंदूतील रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला. १० सप्टेंबर १९६० रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज निर्णय घेताना काय लक्षात ठेवावे?

‘डबल आयलिड’ शस्त्रक्रियेत दोन्ही घड्या असमान होणे, व्रण दिसणे, टाक्यांची घडी कालांतराने सुटणे हे धोके असतात. त्वचा गरजेपेक्षा जास्त कापली गेली, तर पापणी नीट मिटत नाही. म्हणजे यो यांच्यासारख्या जवानांना ज्या संकटातून सोडवण्यासाठी गिलीज यांनी रात्रंदिवस काम केले, तेच संकट निरोगी डोळ्यावर ओढवू शकते. म्हणून अनुभवी, नोंदणीकृत तज्ज्ञाकडेच जावे. डोळे आधीपासून कोरडे पडत असतील तर ते सांगावे आणि घाईत निर्णय घेऊ नये. घडी नसणे हा दोष नाही. ती हवी की नको हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण पापणीचे पहिले काम डोळा मिटण्याचे आहे आणि शस्त्रक्रियेनंतरही ते तिला करता आले पाहिजे.