फुलांमुलांचे टिळक

टिळक म्हटले की आपल्यापुढे प्रथम लोकमान्य उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. पण मंडळाच्या या अंकात मला लिहायचे आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी. त्यांची कविता आपण शाळेत पाठ केली, आणि पुढे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून ते आपल्या घरचेच झाले. या गृहस्थाने देव कुठे कुठे शोधला, आणि त्या शोधात घरच्या माणसांचे काय झाले, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील तापट, आई मायाळू आणि काव्याची आवड असलेली. आई गेली आणि त्या पोरक्या मुलाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्या पायाशी बसून तो संस्कृत शिकला. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची मनू, म्हणजेच लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी झाली. संसार कसला, भ्रमंतीच ती! आज या गावी नोकरी, उद्या ती सोडून दुसऱ्या गावी.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. वाचता वाचता ते गिरिप्रवचनापाशी आले आणि तिथेच थांबले. रानातली फुले, आकाशातली पाखरे यांची काळजी वाहणारा बाप त्यात होता. फुलापाखरांत रमणाऱ्या या कवीला तो बाप जवळचा वाटला यात मला नवल वाटत नाही. ज्याला वडिलांचे प्रेम फारसे लाभले नाही, त्याला तर तो अधिकच जवळचा वाटला असेल.

पण हे सारे त्यांनी मनातच ठेवले. प्रार्थना, वाचन, पत्रव्यवहार, सगळे एकांतात चालले होते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. साधकाचे मौन त्याच्यापुरते पवित्र असेल, पण शेजारी बसून जेवण वाढणाऱ्या बायकोलाही ते कळू नये? टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी हा प्रश्न मी सोडून देत नाही.

त्यानंतरची सुमारे पाच वर्षे ही दोघे वेगळी राहिली. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई कधी जलालपूरला, कधी नाशिकला, कधी पंढरपूरला माहेरच्या नि सासरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही. ते वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. घर एक, चूल वेगळी. हळूहळू त्यांच्या स्वतःच्याच विचाराने ते गळून पडले, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मग मात्र त्या घराला दारच राहिले नाही असे म्हणावे. अनाथ मुले, शिकणारी मुले, कवी, पाहुणे, कोणीही यावे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मागेल त्याला देऊन मोकळे होत. उद्याच्या पिठाची चिंता लक्ष्मीबाईंची. आपल्यापैकी कितीजणींना हे चित्र ओळखीचे वाटेल! 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा टिळकांच्या दृष्टीस पडला. हेच आपले बालकवी. पुढे ते टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले.

टिळकांना झाड, ओढा, पाखरू यांत देव सहज भेटे. ‘केवढे हे क्रौर्य’ मधली ती बाणाने घायाळ झालेली पक्षीण, चोचीतला चारा पिलांपर्यंत पोहोचवून प्राण सोडणारी, एकदा वाचली की विसरत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत तेव्हा परकीय चालींवरची भाषांतरित गीते बरीच असत. टिळकांनी तिथे अभंग आणला, भजन आणि कीर्तन आणले. त्यांची अडीचशेच्या घरात गीते उपासनेच्या पुस्तकात आहेत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत.

1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. मिशनमधल्या काही मंडळींना ते रुचले नाही. पगार गेल्यावर घर कसे चालले असेल, हे पुन्हा लक्ष्मीबाईंनाच विचारावे.

बालकवी 5 मे 1918 रोजी आगगाडीच्या अपघातात गेले. त्यानंतर वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांनी डोळे मिटले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने अध्यायामागून अध्याय रचले. 1936 साली त्या गेल्या. उरलेले काम पुरे करून 1938 मध्ये ग्रंथ छापला तो त्यांच्या मुलाने, म्हणजे पंढरपूरला आईचे बोट धरून हिंडलेल्या त्या दत्तूने.