पर्वतांचा कृष्णधवल साक्षीदार

विख्यात अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९१६ मध्ये योसेमिटी खोऱ्यात आईवडिलांनी दिलेल्या साध्या कॅमेऱ्याने त्यांना पर्वतांचे वेड लावले. एप्रिल १९२७ मध्ये अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन ते हाफ डोमसमोर पोहोचले. अखेरच्या प्लेटसाठी लाल फिल्टर वापरल्याने आकाश काळेभोर उमटले आणि कड्याची भव्यता प्रकटली. सिएरा नेवाडातील किंग्ज कॅन्यनच्या रक्षणासाठी त्यांनी छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टन गाठले. त्यांचा १९३८ चा छायाचित्रग्रंथ अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचला. १९४० मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९५८ च्या शरदात न्यू मेक्सिकोत टिपलेले अ‍ॅस्पेन वृक्ष अजरामर ठरले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. सिएरातील एक शिखर आज त्यांचे नाव मिरवते.