हिमशिखरांच्या ओढीचे पंडितजी

खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला झाले आणि पंडित जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. नंदलाल बोस यांनी साध्या गावठी साहित्याने सजविलेले टिळकनगर, शेतकऱ्यांसाठी मांडलेला कार्यक्रम यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. परंतु या अध्यक्षांना बर्फाच्छादित पर्वतांची केवढी ओढ होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पंडितजींचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादला झाला. घराणे मूळचे काश्मिरी, त्यामुळे डोंगरांचे प्रेम रक्तातच होते म्हणा ना! केंब्रिजचे शिक्षण आटोपल्यावर १९१० साली ते नॉर्वेत भटकावयास गेले. तेथे बर्फासारख्या थंड ओढ्यात स्नानास उतरले असता पाय घसरून ते प्रवाहात वाहू लागले. सोबत्याने पाय धरून बाहेर ओढले म्हणून वाचले. थोड्याच अंतरावर तो ओढा कड्यावरून खाली कोसळत होता.

फेब्रुवारी १९१६ मध्ये कमलाबाईंशी विवाह झाला आणि त्याच उन्हाळ्यात सारे कुटुंब काश्मीरला गेले. मंडळींना खोऱ्यात ठेवून जवाहरलाल एका चुलतभावाबरोबर झोजीला खिंडीपलीकडे निघाले. मातायन येथे कळले की अमरनाथची गुहा अवघ्या आठ मैलांवर आहे. मध्ये फक्त बर्फाचा एक प्रचंड पर्वत आहे. आठ मैल ते काय, असे वाटून एका मेंढपाळास वाटाड्या घेऊन पहाटे चारला ते चढू लागले. कमरेला दोर बांधून हिमनद्या ओलांडल्या. हवा विरळ होत गेली, काही हमालांच्या तोंडून रक्त येऊ लागले, वरून हिमवर्षाव सुरू झाला. बारा तासांच्या चढणीनंतर समोर विस्तीर्ण हिमक्षेत्र पसरलेले दिसले. तेवढे ओलांडले की पलीकडे उतारच होता. पण ताज्या बर्फाने खालच्या भेगा झाकून टाकल्या होत्या. जवाहरलालांनी पाऊल टाकले आणि ते एका खोल भेगेत कोसळले. दोर पक्का होता, म्हणून सोबत्यांना त्यांना वर ओढता आले. तरीही मंडळी पुढे गेली. मात्र भेगा रुंदावत चालल्या आणि त्या ओलांडण्याची साधने जवळ नव्हती. अखेर गुहा न पाहताच ती परतली.

१९२६ साली कमलाबाईंच्या उपचारांसाठी ते स्वित्झर्लंडला राहिले. त्या हिवाळ्यात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर घसरण्याचा खेळ ते शिकले. कितीतरी वेळा आपटले, अंग ठेचाळले, पण त्यांनी हट्ट सोडला नाही.

पुढेही तुरुंगाच्या वाऱ्या चालूच राहिल्या. डेहराडून, अलमोड्याच्या तुरुंगवासात दूरची शिखरेच त्यांची सोबती झाली. कैलास व मानससरोवराची यात्रा मनातच राहिली. ज्या १९३६ साली ते फैजपूरला आले, त्याच साली कमलाबाई निवर्तल्या आणि ही हिमयात्रेची हकीकत सांगणारे त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. टिळकनगरच्या गर्दीपुढे उभ्या असलेल्या या माणसाच्या मनात केवढे दुःख असेल!

स्वतःला न साधलेली वाट त्यांनी इतरांसाठी मोकळी केली. १९५३ साली तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर पंडितजींच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी संस्था निघाली व तेनसिंग तेथे शिकवू लागले. १९५८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पंडितजी स्वतः नथुला खिंडीतून डोंगरवाटेने भूतानला गेले. २७ मे १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. मानससरोवर राहिले ते राहिलेच.

अमरनाथच्या वाटेवर अपुरी पडली ती हिंमत नव्हे, साधने व शिक्षण. ही उणीव ओळखून पुढच्या पिढीसाठी ती भरून काढणे, हेही शिखर गाठण्याइतकेच मोठे काम नव्हे काय? आपल्या उत्तरेला सातपुडा उभाच आहे. विद्यार्थीमित्रांनो, दोर बांधावयास तेथूनच शिकू या!