हुंड्याचे पैसे वर्कशॉपमध्ये घातले, नवऱ्याला न सांगता गाडी काढली. बर्था बेंझची गोष्ट

सावद्यातल्या माझ्या मामांना यंदा एकच वेड लागलंय. जुनी मर्सिडीज घ्यायची. रोज फिरवायला नाही, केळीच्या बागेत जायला बोलेरो आहेच. रविवारी घरच्यांना घेऊन पालला जायचं, कधी अजिंठ्याला, तेवढ्यापुरती.

त्यांच्या डोक्यात आहे ती डब्ल्यू १२४. मर्सिडीज १९९४ मध्ये भारतात आली आणि १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीत हे मॉडेल तयार व्हायला लागलं. चौकोनी तोंडवळा, बोनेटवर उभा तारा. त्या काळी ती उद्योगपतींकडेच दिसायची. आज मात्र जुन्या गाड्यांच्या बाजारात ती नव्या छोट्या कारपेक्षाही स्वस्तात मिळू शकते.

मामीचं म्हणणं वेगळं आहे. गाडीसाठी तिच्या नावावरची एफडी मोडायची आहे, त्यामुळे तिचा प्रश्न सरळ आहे. भुसावळच्या अलीकडे ही बंद पडली, तर बघणार कोण?

गंमत म्हणजे या कंपनीच्या इतिहासातला सर्वात मोठा प्रवास याच प्रश्नाला उत्तर म्हणून झाला होता. आणि तो करणाऱ्या बाईनेही स्वतःचे पैसे त्या गाडीत घातले होते.

तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावचा. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात, घरची परिस्थिती चांगली. ती जन्मली तेव्हा घरच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाली अशा सुराची नोंद केली गेली, असं सांगतात. पुढे ती नोंद तिच्या वाचनात आली आणि ती मनाला लावून घेतली, असंही म्हणतात.

मग तिच्या आयुष्यात कार्ल बेंझ आला. कार्लचे वडील रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर होते, पण तो दोन वर्षांचा असतानाच ते गेले. आईने काबाडकष्ट करून त्याला इंजिनीअर केलं. पोरगा हुशार होता, पण खिसा रिकामा.

१८७१ मध्ये कार्लने मानहाइम शहरात भागीदारीत वर्कशॉप काढलं. भागीदाराशी पटेना, पण त्याला मोकळं करायला पैसे नव्हते. तेव्हा बर्थाने वडिलांकडे हट्ट धरला आणि लग्नात मिळायचा हुंडा लग्नाआधीच मागून घेतला. त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा फेडला. लग्न झालं पुढच्या वर्षी, जुलै १८७२ मध्ये.

म्हणजे हुंडा दागिन्यांत गेला नाही, घरातही गेला नाही. तो लेथ मशीन आणि लोखंडात गेला.

पुढची काही वर्षं हलाखीची होती. डोक्यावर कर्ज, घरात लहान मुलं आणि नवरा दिवसरात्र एका इंजिनाच्या मागे. अखेर ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, सगळं गाव नव्या वर्षाच्या तयारीत असताना, हे इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. त्या वेळी वर्कशॉपमध्ये कार्लसोबत बर्थाही होती.

१८८३ मध्ये नवे भागीदार मिळाले आणि बेंझ अँड कंपनी उभी राहिली. २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. ही तारीख आज मोटारगाडीचा वाढदिवस मानली जाते. पेटंट क्रमांक ३७४३५. पैसा बर्थाचाही होता, पण कागदावर नाव बेंझ अँड कंपनीचं.

गाडी तयार झाली, पण घ्यायला कोणी पुढे येईना. बिनघोड्याच्या गाडीवर भरवसा कोण ठेवणार? त्यात कार्लचा स्वभाव असा की गाडी कधी पूर्ण झाली असं त्याला वाटायचंच नाही. सुधारणा चालूच. तोपर्यंतच्या फेऱ्याही मानहाइमच्या आसपासच्याच होत्या.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाने गाडी बाहेर काढली. पहाटे कार्ल झोपेत असताना, त्याला न सांगता. सोबत युजेन आणि रिचर्ड ही मोठी दोन मुलं. निमित्त होतं माहेरी जाण्याचं.

मानहाइम ते फोर्त्सहाइम हा प्रवास झाला साधारण १०६ किलोमीटरचा. सावद्याहून भुसावळ, जळगाव करत अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जाल, तर जवळपास तेवढंच होईल. त्यात रस्ते घोडागाड्यांचे, पेट्रोल पंप नाही, मेकॅनिक नाही, आणि गाडी जोरात पळणाऱ्या माणसाच्या वेगाची.

वाटेत जे काही बिघडायचं ते बिघडलं.

इंधन संपत आलं. ही गाडी लिग्रोइनवर चालायची. हे पेट्रोलियमपासून बनलेलं द्रव्य, डाग काढायला वापरत आणि औषधाच्या दुकानात मिळे. विसलोख गावच्या औषध दुकानातून बर्थाने ते विकत घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

इंधनाची नळी तुंबली. तिने टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली.

वायरवरचं आवरण झिजलं. तिने पायमोजा धरून ठेवणारा पट्टा काढून तिथे गुंडाळला.

साखळी ताणली गेली, ती एका लोहाराकडून ठीक करून घेतली. इंजिन गार ठेवायला पाणी लागायचं, ते मिळेल तिथे भरत गेली. चढ आला की उतरून ढकलायचं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथूनच झाली असं मानतात.

अंधार पडता पडता ती माहेरी पोचली आणि तिने कार्लला पोचल्याची तार केली. काही दिवसांनी गाडी घेऊन परतही आली.

परतल्यावर काय सुधारायला हवं हेही तिने आणि मुलांनी सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर लागणार होता, तो कार्लने बसवला. कंपनीची पहिली खरी रोड टेस्ट ही अशी झाली.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. विक्री एका रात्रीत वाढली नाही, पण वाढली. १८९९ या एका वर्षात कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सर्वात मोठी मोटार कंपनी होती.

१९०३ मध्ये मतभेद होऊन कार्ल रोजच्या कामातून बाहेर पडला. हे कुटुंब पुढे लाडेनबुर्गला राहायला गेलं आणि तिथे मुलांसोबत वेगळा कारखाना काढला. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव जन्माला आलं. १९२९ मध्ये कार्ल गेला.

बर्था त्यानंतर १५ वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे रोजी ती गेली. तिच्या प्रवासाचा रस्ता २००८ पासून जर्मनीत तिच्या नावाने ओळखला जातो.

आता परत सावद्याला येऊ.

बर्थाची ती यादी जुनी जर्मन गाडी बघताना आजही तशीच्या तशी कामाला येते. इंधनाची नळी, वायरिंग, पाणी, ब्रेक, चढ. त्यातही वायरिंग आधी बघा. ९० च्या दशकातल्या डब्ल्यू १२४ च्या अनेक इंजिनांत वायरवरचं आवरण उष्णतेने कडक होऊन गळून पडतं, हा या मॉडेलचा जगभर माहीत असलेला दोष आहे. खान्देशातल्या मे महिन्यात तर इंजिन गार राहतं का हेही तपासायलाच हवं. शिवाय गाडी १५ वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेस, आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च वेगळा धरायचा.

त्यामुळे मामांना दोन गोष्टी सांगितल्या. सौदा करण्याआधी मेकॅनिकला सोबत बसवून एकदा अजिंठ्याला जाऊन या. येताना गाडी जे सांगेल ते विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा खरं असेल.

आणि एफडी मामीची मोडणार असेल, तर आरसी बुकावर नावही मामीचंच लावा.