थंड देशातील उष्म्याचा गणिती

२०२४ हे वर्ष तापमानाच्या पद्धतशीर नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीच्या तुलनेत पृथ्वी त्या वर्षी सुमारे दीड अंश सेल्सिअसने अधिक तापली होती. त्याआधीच्या काही वर्षांतील नोंदीही अशाच आहेत. राजस्थानातील फलोदी येथे मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला. सैबेरियातील व्हर्खोयान्स्क या अतिशीत गावी जून २०२० मध्ये ३८ अंश, तर कॅनडातील लिटन येथे जून २०२१ मध्ये ४९.६ अंश तापमान नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी लिटनचा बहुतांश भाग आगीत भस्मसात झाला. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडने प्रथमच चाळिशी ओलांडली. असे आकडे वाचून माणूस क्षणभर चकित होतो आणि पान उलटतो. परंतु त्या आकड्यांमागचे गणित नवे नाही. ते १८९६ मध्येच मांडले गेले होते आणि ते मांडणारे स्वांटे आर्हेनियस हे स्वीडनसारख्या थंड देशाचे रहिवासी होते.

आर्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी अप्सालानजीकच्या वीक येथे झाला. वडील भूमापक होते. आकडेमोडीची गोडी मुलाला बालपणीच लागली. विद्रावांच्या विद्युत्‌वाहकतेवरील त्यांचा १८८४ मधील प्रबंध अप्सालाच्या प्राध्यापकांच्या पचनी पडला नाही; निकृष्ट श्रेणी देऊन त्यांची बोळवण करण्यात आली. मात्र ओस्टवाल्ड आणि व्हांट हॉफ यांच्यासारख्या परदेशी रसायनज्ञांनी त्या विचाराचे मोल ओळखले. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युत्‌भारित आयनांत विघटन होते, या सिद्धान्ताबद्दल १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश होत. उपेक्षित विचाराचा गौरव होताना पाहण्याचे भाग्य त्यांना एकदा लाभले. दुसऱ्या विचाराच्या वाट्याला ते त्यांच्या हयातीत आले नाही.

तो दुसरा विचार हवामानाविषयीचा होता. प्राचीन काळी हिमयुगे का आली असावीत, हा त्या काळचा गाजलेला वाद. हवेतील कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरून निघणारी उष्णता अडवितो, हे तोवर प्रयोगांनी ठाऊक झाले होते. या वायूचे प्रमाण बदलल्यास तापमान किती बदलेल, हे काढण्यासाठी आर्हेनियस १८९४ च्या अखेरीस बसले. लँगली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने केलेली चंद्राच्या उष्ण किरणांची मोजमापे त्यांनी आधाराला घेतली. गणकयंत्राविना, केवळ लेखणीने, निरनिराळ्या अक्षांशांसाठी आणि ऋतूंसाठी केलेले हे कंटाळवाणे काम सुमारे वर्षभर चालले. त्याच काळात त्यांचा संसार मोडत होता.

हाती आलेले उत्तर असे होते : वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आजचे शास्त्र ही वाढ ३ अंशांच्या आसपास धरते. अपुऱ्या सामग्रीवर केलेल्या त्या गणिताची दिशा मात्र अचूक होती. तपमानवाढ समुद्रापेक्षा जमिनीवर, उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात आणि दिवसापेक्षा रात्री अधिक जाणवेल, ध्रुवांकडे तर ती अधिकच असेल, हेही त्या गणितातून निघाले. व्हर्खोयान्स्कच्या ३८ अंशांकडे पाहताना हे आठवावे.

त्यांची खरी चूक दोन ठिकाणी झाली. पहिली वेगाची. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत असे. त्या गतीने मोठा फरक पडण्यास हजारो वर्षे लागतील, असे प्रारंभी त्यांना वाटले. १९०८ मध्ये इंग्रजीत आलेल्या ग्रंथात त्यांनी ती मुदत काही शतकांवर आणली. आज जग वर्षाला ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा जाळते, आणि तेल व वायू निराळेच. परिणामी, औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत हवेतील हा वायू दीडपट झाला आहे.

दुसरी चूक दृष्टीची. वाढती ऊब मानवाला हितकारक ठरेल, थंड प्रदेशांत पिके भरघोस येतील, अशी त्यांची आशा होती. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसून विचार करणाऱ्याला ती स्वाभाविक वाटली असेल. फलोदीच्या उन्हात विटा वाहणाऱ्या मजुराला ती कशी वाटली असती, हा प्रश्न त्या गणितात नव्हताच. अंक सर्वांना सारखे असतात. त्यांचा अर्थ मात्र माणूस कोठे उभा आहे यावर ठरतो.

हा वायू उष्णता जेवढी अडवू शकतो तेवढी आधीच अडवितो, असा आक्षेप त्यांचेच देशबंधू ऑंगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये घेतला आणि बहुतेकांनी तो मानला. २ ऑक्टोबर १९२७ रोजी आर्हेनियस निवर्तले, तेव्हा या संशोधनाकडे कोणाचे लक्ष नव्हते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे या वायूचे सलग मापन सुरू झाले आणि वाढ निर्विवाद ठरली.

आर्हेनियस यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांच्यापाशी गणित होते, अनुभव नव्हता. आजच्या पिढीपाशी दोन्ही आहेत. जाणूनबुजून केलेल्या विलंबाला अज्ञानाची सबब देता येत नाही, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांनी कोळसा सर्वांत कमी जाळला त्यांच्याकडून प्रथम वसूल होत आहे.