बॅसेट-लोक : छोट्या आगगाड्यांचा मोठा माणूस

जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी पाहिली नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत विरळाच. मेजवानीच्या लांबलचक टेबलावर रूळ, त्यावरून जेवणानंतर पाहुण्यांसमोर फिरणारी विजेची गाडी आणि गाडीवर काचेच्या सुरया. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. (सुरईत काय असे, ते शाळेच्या पत्रिकेत सांगण्याचे कारण नाही.) राजवाड्याच्या सहलीहून आल्यावर मुले माधवराव महाराजांविषयी पुष्कळ प्रश्न विचारतात, परंतु गाडी घडवली कोणी हे फारसे कोणी विचारीत नाही. ती १९०६ च्या सुमारास इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने तयार केली. त्या कंपनीच्या संस्थापकाचा परिचय या अंकात आम्ही देत आहोत.

वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांचा जन्म २७ डिसेंबर १८७७ रोजी नॉर्दॅम्प्टन येथे झाला. आडनाव वाचून हसू नका. त्याचा उच्चार आपल्या ‘लोक’ या शब्दासारखाच आहे. आपल्या माधवराव महाराजांपेक्षा ते एक वर्षाने लहान. नॉर्दॅम्प्टन हे चांभारकामाचे, बुटांच्या कारखान्यांचे गाव. वडिलांचा तेथे बॉयलर आणि यंत्रे दुरुस्त करण्याचा कारखाना होता. वेनमन तेराव्या वर्षीच शाळेतून बाहेर पडले, काही काळ एका वास्तुविशारदाच्या कचेरीत राहिले आणि मग वडिलांच्या कारखान्यात आले. पालकांनी येथे दचकू नये, शाळा लवकर सोडावी असे आम्ही सुचवीत नाही. त्या काळी कारखाना हीच पुष्कळांची पुढची शाळा असे.

त्या कारखान्यात त्यांना दिसले, की छोटी वाफेची इंजिने घरी बनविण्याची हौस अनेकांना आहे, पण त्यासाठी लागणारे सुटे भाग कोठे मिळत नाहीत. सिलिंडर ओतायचा तर घरात भट्टी कोठून आणणार? वडिलांच्या हिशेबनिसाला, हॅरी फ्रँकलिन यांना, भागीदार करून त्यांनी असे ओतीव भाग टपालाने विकायला सुरुवात केली. १८९८ साली इंग्लंडमध्ये हौशी कारागिरांसाठी ‘मॉडेल इंजिनियर’ नावाचे मासिक निघाले होते. त्यात जाहिरात येऊ लागली आणि मागण्या वाढल्या. १८९९ मध्ये पहिला कॅटलॉग निघाला. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने स्वतः करावे, ही सोय आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कोणी नुसते भाग घेऊन कानशीने घासून जोडी, कोणी तयार इंजिन मागवी.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला ते गेले आणि तेथे जर्मनीच्या न्युरेंबर्ग शहरातील बिंग आणि कारेट या कारखानदारांची पत्र्याची खेळणी त्यांनी पाहिली. काम सुबक होते, परंतु त्या गाड्या इंग्लंडच्या मुलाने स्टेशनवर पाहिलेल्या गाड्यांसारख्या नव्हत्या. बॅसेट-लोक यांनी या कारखान्यांना खऱ्या ब्रिटिश इंजिनांप्रमाणे छोटी इंजिने बनवायला सांगितले. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ इंजिनाची प्रतिकृती अशीच बिंगकडून तयार होऊन आली. पुढे हेन्री ग्रीनली या अभियंत्याने त्यांच्यासाठी नकाशे काढले आणि गावातच जॉर्ज विंटरिंगहॅम यांच्या कारखान्यात रूळ व इंजिने होऊ लागली. १९०८ मध्ये लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावर दुकान निघाले.

आता गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. ‘शून्य गेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मापात दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असते आणि इंग्लंडमध्ये खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे छोट्या गाडीचे ७ मिलिमीटर धरतात. प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिन टेंडरसह ७० फूट लांब आहे. म्हणजे प्रतिकृती ४९ सेंटीमीटर झाली पाहिजे. शाळेच्या फूटपट्टीने एवढी लांबी बाकावर आखून पाहा. लांबी साधली तरी काम संपत नाही. चाके, चिमणी, चालकाची खोली, सगळे त्याच प्रमाणात आले तरच डोळ्याला ते इंजिन ओळखू येते.

आणि रंग! त्या काळी ब्रिटनमध्ये रेल्वे खाजगी कंपन्यांची होती व प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचा काळा, मिडलंडचा किरमिजी, ग्रेट नॉर्दर्नचा हिरवा, कॅलेडोनियनचा निळा. आपल्या गावावरून जाणाऱ्या कंपनीचाच रंग गिऱ्हाइकाला हवा असे. इंजिन चावीचे हवे, वाफेचे की विजेचे, हेही विचारले जाई. खास मागणीप्रमाणे एखादेच इंजिनही बनवून मिळे. सिंदिया घराण्याची गाडी याच प्रकारातली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हुबेहूबपणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या या गृहस्थांनी व्यापारासाठी तडजोडही केली. १९२७ मध्ये निघालेले ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ हे त्यांचे चावीचे इंजिन कोणत्याही एका खऱ्या इंजिनाची प्रतिकृती नव्हते. तेच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगांत विकले जाई. पण त्यामुळे बेताच्या पैशांत अधिक घरांत गाडी पोहोचली, म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाही.

खरा कठीण काळ १९१४ मध्ये आला. ज्या देशातून माल येत होता त्याच देशाशी युद्ध सुरू झाले. कारेट हे फ्रेंच नागरिक. त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९१७ मध्ये त्यांचा कारखाना बंद पडला. नॉर्दॅम्प्टनला खेळण्यांऐवजी युद्धसामग्री तपासण्याची मापे तयार होऊ लागली. युद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन मालाविषयी राग होता, तरीही बॅसेट-लोक यांनी न्युरेंबर्गच्या जुन्या मित्रांशी संबंध तोडले नाहीत. बिंग घराणे ज्यू होते. पुढे नाझी राजवटीत श्टेफान बिंग यांना देश सोडून इंग्लंडला यावे लागले, तेव्हा तेथे त्यांना ओळखणारे आणि मदत करणारे माणूस होते. त्याआधी, १९३५ मध्ये, या दोघांच्या संबंधातूनच ‘ट्रिक्स’ या आणखी लहान गाड्या इंग्लंडमध्ये आल्या होत्या. व्यापारातली ओळख इतकी टिकावी, हे आम्हाला त्यांच्या सर्व इंजिनांहून मोठे वाटते.

दरम्यान लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून स्वस्त चावीच्या गाड्या काढल्या आणि मुलांचा बाजार बराचसा त्यांच्याकडे गेला. बॅसेट-लोकची गाडी श्रीमंतांची आणि प्रौढ शौकिनांची राहिली.

या माणसाची हौस केवळ आगगाडीपुरती नव्हती. १९१७ मध्ये लग्न झाले त्या सुमारास ७८ डर्नगेट हे आपले अरुंद, जुने घर त्यांनी स्कॉटलंडचे वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांच्याकडून नव्याने सजवून घेतले. बैठकीच्या भिंती चक्क काळ्या! नाटककार बर्नार्ड शॉ येथे पाहुणे म्हणून उतरत. पुढचे घर त्यांनी जर्मन वास्तुविशारद पेटर बेरेन्स यांच्याकडून १९२६ मध्ये बांधून घेतले. ते समाजवादी विचारांचे. १९३० मध्ये मजूर पक्षातर्फे नगरपालिकेवर निवडून आले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कंपनीला पुन्हा युद्धाचे काम आले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जी तरंगती बंदरे नेऊन जोडली, त्यांच्या प्रतिकृती येथे तयार झाल्या होत्या. खेळणी करणाऱ्या हातांनी केलेल्या या प्रतिकृतींवरून सेनाधिकाऱ्यांना योजना समजावून देता आली.

२१ ऑक्टोबर १९५३ रोजी बॅसेट-लोक यांचे निधन झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यात कंपनीचा किरकोळ व्यापार थांबला. नाव मात्र विकत घेण्याजोगे राहिले. २००८ मध्ये ते हॉर्नबी कंपनीकडे गेले, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याच्याच घरी. ७८ डर्नगेटचे घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले आहे, आणि त्यांची पत्र्याची इंजिने, रंग उडालेली असली तरी, शौकीन आजही शोधून घेतात आणि चावी देऊन चालवून पाहतात.